लातूर ते लंडन सायकलनं: नकाशा नंतर, तारखा आधी

रविवारची राइड उरकून आम्ही औशाच्या रस्त्यावर चहाला थांबलो होतो. निलंग्याकडचा एक पोरगा, वय तेवीस-चोवीस, त्यानं मोबाइलवर नकाशा उघडून माझ्यापुढं धरला. लातूरहून निघालेली लाल रेघ दिल्ली, अटारी, लाहोर, इराण, तुर्कस्तान करत थेट लंडनला भिडलेली. "सर, एकटाच जायलोय. आठ-नऊ महिने धरलेत. व्हिसे किती लागतील?"

मी विचारलं, "इराणात कोणत्या तारखेला शिरशील?"

"आता ते कसं सांगता येईल सर? वारा, चढ, पंक्चर..."

त्याचं खरं होतं, आणि घोडं तिथंच पेंड खातं. व्हिसाचे नियम लिहिताना समोर विमानानं येणारा माणूस धरलेला असतो. तो सोमवारी उतरतो, दहा दिवस हॉटेलात राहतो, परतीचं तिकीट त्याच्या खिशात असतं. सायकलवाला दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर सरकतो, कधी पेट्रोल पंपाच्या मागं तंबू ठोकतो, आणि परत कधी येणार हे त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं. वकिलातीच्या फॉर्मवर असल्या माणसासाठी रकाना नाही. म्हणून रस्ता आखण्याआधी तारखा आखाव्या लागतात.

पहिलं काम, ती लाल रेघ पुसणं. 1923 च्या ऑक्टोबरात मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगाच्या फेरीला निघाले होते. पंजाब, बलुचिस्तान ओलांडून ते जमिनीवरूनच इराणात पोचले, आणि त्यांतले तिघे 1928 मध्ये फेरी पुरी करून घरी आले. आज ती वाट बंद आहे. अटारीची चौकी एप्रिल 2025 मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर बंद झाली, आणि त्याआधीही आपल्या पासपोर्टवर पाकिस्तानात निवांत सायकल हिंडवायला मिळत होती असं नाही. उत्तरेला चीन. नथु ला आणि लिपुलेख या खिंडी कैलास यात्रेकरू आणि स्थानिक व्यापारी यांच्यापुरत्या. सामान्य प्रवाशानं सायकल ढकलत जावं असा एकही नाका नाही. पूर्वेला मणिपुरातल्या मोरेहचा नाका ऑगस्ट 2018 मध्ये प्रवाशांसाठी उघडला, तेव्हा थायलंडपर्यंत जमिनीवरून जाता येईल म्हणून आम्ही सगळे हुरळलो होतो. मग 2020 ची महामारी आली, फेब्रुवारी 2021 मध्ये म्यानमारात लष्करानं सत्ता घेतली, आणि त्या वाटेचा भरवसा संपला.

उरले नेपाळ, भूतान आणि बांगलादेश. नेपाळला आपल्याला व्हिसा नाही, मतदार ओळखपत्रावरही जाता येतं. भूतानलाही व्हिसा नाही, पण प्रवेशाचा परवाना काढावा लागतो आणि भारतीयांना दर रात्रीचे 1200 रुपये शुल्क आहे. मोटारीनं तीन रात्रींत उरकणाऱ्याला ते जाणवत नाही. चढावर पंधरा रात्री घालवणाऱ्याला 18,000 पडतात. बांगलादेशाला व्हिसा लागतो. आणि या तिन्ही देशांतून पुढं जमिनीवरून निघणं एकट्या सायकलवाल्याच्या हातात राहत नाही. थोडक्यात, मराठवाड्यातून निघालेल्या सायकलीला कुठं ना कुठं खोक्यात बसून विमानात चढावंच लागतं. पोराला हे ऐकून वाईट वाटलं. मलाही एकेकाळी वाटलं होतं.

व्हिसावर वाचायच्या चार गोष्टी

व्हिसाच्या कागदावर फोटो आणि नाव सोडून चार गोष्टी बघायच्या. मी त्यांना मुदत, मुक्काम, फेऱ्या आणि दार म्हणतो.

मुदत म्हणजे व्हिसा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत चालतो. मुक्काम म्हणजे त्या मुदतीच्या आत किती दिवस राहता येईल. नव्या माणसाचा घोळ इथंच होतो. समजा व्हिसाची मुदत 1 एप्रिल ते 29 जून आहे, म्हणजे 90 दिवस, आणि मुक्काम 30 दिवसांचा आहे. तुम्ही 10 मे रोजी शिरलात तर 30 दिवस मिळाले. पण वाटेत आजारी पडून 20 जूनला शिरलात, तर बहुतेक देशांत तुमच्या हाती फक्त 10 दिवस राहतात, कारण मुदतच संपली. उलटा घोळही होतो: मुदत जूनअखेरपर्यंत आहे असं बघून माणूस एप्रिलपासून तिथंच हिंडत राहतो आणि एकतिसाव्या दिवशी गुन्हेगार ठरतो.

फेऱ्या म्हणजे किती वेळा आत येता येईल. एका फेरीचा व्हिसा असेल आणि शेजारच्या देशातला धबधबा बघायला तुम्ही सहज पलीकडे गेलात, तर व्हिसा तिथंच संपला.

दार ही सायकलवाल्याची खास डोकेदुखी. विमानतळ म्हणजे एकच दार; जमिनीवर शंभर असतात, आणि प्रत्येक दार प्रत्येक कागद मानत नाही. व्हिएतनामनं ऑगस्ट 2023 पासून ई-व्हिसा 90 दिवसांचा केला, आपल्यासाठी फार सोयीचा. पण अर्जातच विचारतात की कोणत्या नाक्यानं येणार, आणि ई-व्हिसा चालणारे नाके ठरलेले आहेत. लाओसच्या डोंगरातून आडवाटेनं एखाद्या लहान नाक्यावर पोचलात आणि तो यादीत नसला, तर आलात तसे मागं फिरा. दोन दिवसांचा चढ पुन्हा.

इराणचं उदाहरण मी सगळ्यांना सांगतो. फेब्रुवारी 2024 मध्ये इराणनं भारतीयांना व्हिसामाफी दिली. आपल्याकडं मेसेज फिरले, "इराण फ्री झालं". बारीक अक्षरात काय होतं? 15 दिवस, सहा महिन्यांतून एकदाच, आणि फक्त विमानानं येणाऱ्यांना. सायकलवाल्याच्या कामाचं त्यात काहीच नव्हतं. पुढं नोव्हेंबर 2025 मध्ये ती सवलतही थांबवली, कारण नोकरीच्या आमिषानं लोकांना तिकडं नेऊन पळवून नेण्याचे प्रकार घडत होते. अझरबैजानचा प्रकार आणखी वेगळा. ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, पण मार्च 2020 मध्ये महामारीसाठी बंद केलेली जमिनीवरची दारं प्रवाशांसाठी पुढं पाच वर्षांहून जास्त काळ मुदतवाढ देत बंदच ठेवली. व्हिसा खरा, दार बंद. त्या काळात व्हिसा घेऊन जॉर्जियाच्या सीमेवर उभं राहिला असतात तर शिपायानं हसून परत पाठवलं असतं.

दिवस भागिले किलोमीटर

कझाकस्तान भारतीयांना व्हिसाशिवाय 14 दिवस राहू देतं, आणि कोणत्याही 180 दिवसांत सगळे मिळून 42 दिवस. कागदावर छान दिसतं. आता गणित करा. सामान लादलेल्या सायकलवर रोज 80 किलोमीटर धरले आणि 14 दिवसांत 2 दिवस विश्रांतीचे काढले, तर 960 किलोमीटर झाले. अल्माटीहून शिमकेंत करून उझबेकिस्तानची हद्द त्यात बसते. पण अल्माटीहून कॅस्पियन समुद्राकाठचं अक्ताऊ अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे. ते 14 दिवसांत फक्त रेल्वेनं होईल. क्षेत्रफळानं जगातला नवव्या क्रमांकाचा देश आहे तो. म्हणजे कझाकस्तान सगळा ओलांडायचा की कोपऱ्यातून काढता पाय घ्यायचा, हे नकाशानं नाही, 14 या आकड्यानं ठरवलं.

जुने सायकलवाले तुर्कमेनिस्तानच्या गोष्टी सांगतात. कोविडच्या आधी तिथं नुसता पार होण्यापुरता व्हिसा मिळायचा, तीन ते पाच दिवसांचा. काराकुमच्या वाळवंटातून सुमारे 500 किलोमीटर, समोरून वारा, आणि पाचव्या दिवशी पलीकडच्या नाक्यावर पोचलंच पाहिजे. काहीजण रात्रभर चालवत, काहीजण हात टेकून ट्रकमध्ये सायकल टाकत. त्यात लाज कसली? व्हिसा उलटण्यापेक्षा ट्रक बरा.

माझा नियम असा की जितके दिवस मिळतात त्यांतले पाचातले चारच वापरायचे. पाचवा हिस्सा पोट बिघडलं, टायर फाटलं, पूल वाहून गेला यासाठी राखायचा. थायलंडमध्ये मुदत उलटली तर दिवसाला 500 बाथ दंड आहे, कमाल 20,000. रक्कम परवडेल, पण 90 दिवसांहून जास्त उलटली तर वर्षभर प्रवेशबंदी. आणि दंडाचा शिक्का पुढच्या प्रत्येक वकिलातीत बोलतो.

शेंगेनच्या घागरी

युरोपातल्या 29 देशांचा मिळून एकच व्हिसा, त्याला शेंगेन म्हणतात. नियम एका ओळीचा: कोणत्याही 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. ही ओळ समजायला मला दोन वर्षं लागली, म्हणून आपल्या भाषेत सांगतो.

लातूरकराला पाण्याचा हिशोब शिकवावा लागत नाही. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी आम्ही घागरीनं मोजलंय. समजा तुमच्याकडं 90 भरलेल्या घागरी आहेत. शेंगेनमध्ये काढलेल्या प्रत्येक दिवसाला एक घागर रिकामी होते, शिरण्याचा आणि निघण्याचा दिवसही धरून. रिकामी झालेली घागर बरोबर 180 दिवसांनी पुन्हा भरते, त्याआधी नाही. सगळ्या एकदम भरत नाहीत. ज्या क्रमानं रिकाम्या झाल्या त्याच क्रमानं, रोज एक.

आता 1 जूनला तुम्ही बल्गेरियात शिरलात आणि 20 जुलैला बाहेर पडलात. 50 घागरी गेल्या. महिनाभर सर्बियात काढला. तो शेंगेनमध्ये नाही, आणि ज्याच्याकडं चालू शेंगेन व्हिसा आहे त्या भारतीयाला तिथं वेगळा व्हिसा लागत नाही. मग 20 ऑगस्टला पुन्हा आत. उरल्या 40 घागरी, म्हणजे 28 सप्टेंबरला बाहेर. पहिली घागर, 1 जूनची, भरणार 28 नोव्हेंबरला. मधले दोन महिने शेंगेनमध्ये पाय टाकायचा नाही.

यात दोन खाचा आहेत. एक, 90 हा वरचा आकडा आहे, हक्क नाही. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याच्या पासपोर्टवर चिकटवलेल्या व्हिसाच्या स्टिकरवर अनेकदा मागितलेल्या कार्यक्रमापुरतेच दिवस लिहून येतात. मग हिशोब 90 चा नाही, स्टिकरचा. दुसरी खाच जुन्या सल्ल्यांची. "घागरी वाचवायला क्रोएशिया, रोमानिया, बल्गेरियात जाऊन थांबा" असं सांगणारे अनुभवी लोक अजून भेटतात. क्रोएशिया जानेवारी 2023 मध्ये शेंगेनमध्ये आला. रोमानिया आणि बल्गेरियाच्या जमिनीवरच्या सीमा 1 जानेवारी 2025 पासून आल्या. तो सल्ला आता थेट खड्ड्यात नेतो. ऑक्टोबर 2025 पासून तिथं आत-बाहेर जाण्याची यंत्रात नोंद करायची पद्धतही सुरू झाली, त्यामुळं पुसट शिक्क्याचा फायदा मिळण्याचे दिवस गेले.

पण सायकलवाल्याला खरा फटका बसतो तो अर्जाच्या वेळेचा. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधीच करता येतो, आणि साधारणपणे जिथं तुम्ही राहता त्या देशातूनच. पोराच्या आठ महिन्यांच्या बेतात युरोप सातव्या महिन्यात येत होता. घरून निघताना अर्ज करायला तो फार लवकर. आणि वाटेत, समजा ताश्कंदला, करायला गेला तर "तू इथला रहिवासी नाहीस" म्हणून नकार. मग एक तर युरोप आधी ठेवायचा, नाहीतर मध्ये एकदा घरी यायचं. तिसरी वाट सावकाशीची आहे. एप्रिल 2024 पासून भारतीयांसाठी नियम सैल केलाय: मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसे घेऊन नीट वापरले असतील, तर पुढचा दोन वर्षांचा, अनेक फेऱ्यांचा मिळू शकतो. ज्याला खरंच लांब जायचंय त्यानं आधी दोन लहान फेऱ्या कराव्यात, असं माझं मत आहे. खर्च होतो, पण कागदाची पत वाढते.

तुर्कस्तानचंही ऐका. चालू शेंगेन, ब्रिटिश, अमेरिकन किंवा आयर्लंडचा व्हिसा असलेल्या भारतीयाला तिथला 30 दिवसांचा ई-व्हिसा मिळतो, बाकीच्यांना वकिलातीतून स्टिकर. लोक "चालू" हा शब्द वाचत नाहीत. शेंगेन 15 जूनपासून सुरू होत असेल आणि तुम्ही 20 मेला इस्तंबूलला उतरत असाल, तर त्या दिवशी तो चालू नाही. आणि लंडन? ते शेंगेनमध्ये नाहीच. ब्रिटनचा व्हिसा वेगळा, आणि त्याचा अर्ज प्रवासाच्या तीन महिन्यांहून आधी करता येत नाही.

आपल्याकडचे कागद

इथं थोडं थांबून बोलतो, कारण मराठवाड्यातली पोरं इथंच अडकतात.

नाव. टीसीवर "बालाजीराव", आधारवर "बालाजी", पॅनवर आडनाव आधी. आपल्याला सगळं एकच. व्हिसा अधिकाऱ्याला ही तीन माणसं दिसतात. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. नुसतं एकच नाव असलेल्या पासपोर्टवर भेटीला येणाऱ्यांना संयुक्त अरब अमिरातीनं नोव्हेंबर 2022 पासून प्रवेश बंद केलाय. जन्मगावाचीही गंमत आहे. पासपोर्टवर औरंगाबाद किंवा उस्मानाबाद, आधारवर छत्रपती संभाजीनगर किंवा धाराशिव. अर्ज भरताना डोकं चालवायचं नाही. पासपोर्टवर आहे तसंच, अक्षरन् अक्षर.

पासपोर्ट काढायचाच असेल तर 36 पानांऐवजी 60 पानांचा घ्या, साध्या अर्जात 500 रुपयेच जास्त पडतात. एक स्टिकर पूर्ण पान खातं, आणि बरेच देश एक-दोन कोरी पानं आणि सहा महिन्यांची शिल्लक मुदत बघतात.

आणि पैसा. बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरण, पगारपत्रक मागतात. शेतकऱ्याच्या पोराकडं पगारपत्रक कुठून येणार? शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून अनेकांनी विवरण कधी भरलेलंच नसतं. आमच्या खात्यांचं चित्र असं: दहा महिने चार आकडी शिल्लक, मग दिवाळीच्या आसपास आडत्याकडून सोयाबीनचे एकदम दोन-अडीच लाख. परक्या अधिकाऱ्याला वाटतं, व्हिसासाठी कुणाकडून तरी उसने आणून भरले. मागं एका ठिकाणी माझा स्वतःचा अर्ज याच शंकेवर परत आला. तेव्हापासून मी सातबारा, आठ-अ, आडत्याची पट्टी यांचं इंग्रजी भाषांतर आणि एक पानभर पत्र जोडतो: पीक कोणतं, विक्री कधी, पैसे वर्षातून एकदाच का येतात. करपात्र उत्पन्न नसलं तरी विवरण भरून ठेवतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आलेले पैसे अर्जाआधी तीन-चार महिने खात्यात तसेच राहू देतो.

मुक्कामाचे पुरावे मागतात तेव्हा खोटी तिकिटं देणारे एजंट भेटतील. नका घेऊ. पकडलं तर नकाराबरोबर फसवणुकीचा शेरा पडतो. पत्रात सरळ लिहायचं की मी सायकलनं येतोय, हा रोजचा टप्पा, या शहरांत पैसे परत मिळणारी बुकिंग केली आहेत, मधल्या रात्री कॅम्पिंगच्या जागी.

नाक्यावर

सायकलला गाडीसारखी कागदपत्रं लागत नाहीत. मोटारसायकलवाल्यांना कार्नेट नावाची जकातीची वही आणि अनामत लागते, आपण त्यातून सुटलो. फक्त महागडी सायकल असेल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून निर्यात प्रमाणपत्र घ्या, नाहीतर परत येताना "ही बाहेरून आणली" म्हणून हुज्जत. काही सीमा सायकल चालवत ओलांडू देत नाहीत: किर्गिझस्तानहून चीनमध्ये इर्केश्तामनं शिरलात की पुढचे शंभराहून जास्त किलोमीटर टॅक्सीच करावी लागते. थायलंड-लाओसमध्ये मेकाँगवरच्या काही पुलांवर सायकल बसमध्ये टाकतात.

आईनं दिलेल्या पिशवीकडंही बघा. डिंकाच्या लाडवात आणि काळ्या मसाल्यात खसखस असते. दुबई आणि सिंगापूरला खसखस अमली पदार्थात धरतात, गंमत नाही. ट्रामाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्यांची चिठ्ठी सोबत ठेवा. उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र बाहेर विकत घेतलंत, तर भारतात ते परवान्याशिवाय बाळगता येत नाही हे परतताना आठवा.

शिक्का मारून पासपोर्ट परत आला की तिथंच उभं राहून तारीख वाचा. खिडकी सोडल्यावर चूक दुरुस्त होणं अवघड.

पोरगा तोवर दुसरा चहा संपवून वही काढून बसला होता. लाल रेघ गेली होती. त्यानं उलटं मोजायला घेतलं: युरोपात शिरायचं 15 जूनला, म्हणजे अर्ज 15 डिसेंबरच्या आधी नाही. फेब्रुवारीत करू. फेब्रुवारीच्या आधी तीन महिने पैसे खात्यात पाहिजेत, म्हणजे नोव्हेंबर. तुर्कस्तान यंदा वगळू. अल्माटी एप्रिलअखेर, 14 दिवस, त्यातले वापरायचे 11. लंडनपुढं त्यानं प्रश्नचिन्ह काढलं.

मग पेन थांबवून म्हणाला, "सर, मग सोयाबीन यंदा भावासाठी धरून ठेवता येणार नाही."

"नाही," मी म्हणालो. "रास झाली की घालावं लागेल."

त्यानं वडिलांना फोन लावला.